शिंपल्याची सात बटणं

मामांनी सातवं बटण तोंडातून काढलं, तेव्हा त्याला लाळेची तार होती. खिडकीतल्या उन्हात ती लांबली, चकाकली आणि तुटून त्यांच्याच बोटावर पडली. बोट त्यांनी धोतराला पुसलं, बटण पांढऱ्या फडक्यावर आधीच्या सहांच्या ओळीत ठेवलं आणि माझ्याकडं बघून मान हलवली.

"बघ, माले. सातही एकाच शिंपल्याची हायत. एका आईची लेकरं."

मी बघितलं, पण लांबूनच. सहाव्या बटणाच्या कडेला गुलाबी काहीतरी लागलं होतं, पाण्यात कुंकू विरावं तसं. शिंपल्याच्या अंगातही गुलाबी असतं, पण ते वेगळं. हे मामांच्या गालातून आलेलं होतं.

माझं लग्न चार दिवसांवर आलं होतं.

सोपानमामा म्हणजे माझ्या आईचा धाकटा भाऊ. आम्ही शिंपी. मामांचे आजोबा संस्थानच्या दरबारात कपडे शिवायचे. पुढं संस्थान गेलं, दरबार गेला, आणि आमच्या घराण्याकडं त्यातलं उरलं काय, तर पत्र्याचा एक डबा. जुने अंगरखे, शेरवान्या, मडमांचे झगे जीर्ण झाले की आजोबा त्यांची बटणं उतरवून घ्यायचे. कापड मरतं, बटण मरत नाही, असं म्हणायचे म्हणे. तो डबा मामांकडं आला. मामी लवकर गेली, मूलबाळ नव्हतं. मग एका दुपारी, मी सात वर्षांची असेन, मामांनी डबा माझ्या मांडीवर ठेवला आणि म्हणाले, माझ्यामागं हा तुझा, आत्तापासून ओळख करून घे.

काय काय होतं त्यात! निळ्या काचेची बटणं, पोटात सोनेरी पन्नी अडकलेली, मोराच्या मानेसारखी. चांदीची, आतून लाख भरलेली, दिसायला जड आणि उचलायला हलकी. पितळेची, त्यांवर कमळ, कमळावर भुंगा, आणि भुंग्याचे पाय मोजून घ्यावेत इतकं बारीक काम. शिंगाची उदी बटणं, उन्हात धरली की मधासारखी पेटायची. चिनी मातीची, एकेकावर तांदळाएवढा गुलाब. आणि मखमलीच्या चिंधीत वेगळी बांधलेली शिंपल्याची सात. त्यांच्यावर आठ पाकळ्यांचा तारा कोरलेला. सरळ धरली की नुसती पांढरी. जरा कलती केली की पहाट उगवायची. अजून कलती केली की कोवळ्या जोंधळ्याच्या पानाचा हिरवा यायचा, यायचा आणि बघता बघता जायचा. मी तासन्‌तास एकच बटण कलतं करत बसायची. आई म्हणायची, पोरगी खुळी झाली, बटणाला आरशागत बघती.

मामा मात्र बटण डोळ्यांनी कमी आणि जिभेनं जास्त बघायचे. शिवताना दोन्ही हात कामात, म्हणून बटणं डाव्या गालात. आत जीभ ती फिरवायची, भोकं समोर आणायची, आणि नेमकं हवं तेच बटण ओठांशी यायचं. शिंपला थंड लागतो, शिंग कोमट, काच जड, आणि नकली असलं की जीभ आपोआप थुंकते, हे त्यांनी मला शिकवलं. मला डोळे मिटून जीभ काढायला लावायचे आणि तिच्यावर एक बटण ठेवायचे. "कोण पाव्हणं आलंय, सांग." मी सांगायची. चुकले की तेच बटण माझ्या जिभेवरून उचलून ते आपल्या तोंडात टाकायचे, मग हसून म्हणायचे, काच हाय गं, बहिरी झाली काय तुझी जीभ. तेव्हा मला त्याचं काहीच वाटत नसे. आज हे लिहितानाही घशाशी येतं.

मामांच्या गळ्यात तुळशीची माळ होती आणि गालात तंबाखू. "पांडुरंग गळ्यात, तंबाखू गालात," आई म्हणायची, "एक दिवस दोघांचं भांडण लागंल, सोपाना." मामा हसून म्हणायचे, लागू दे, मी मधी पडतो. 

भांडण लागलं ते माझ्या लग्नाच्या आधीच्या वर्षी. आधी गालाच्या आत पांढरा डाग. मग फोड. मग गाल बाहेरून ताणला, पिकल्या वांग्यासारखा चकचकीत झाला. मिरजेला नेलं, तर तिथले डॉक्टर म्हणाले, फार उशीर झाला, घरी न्या. आईनं त्यांना आमच्याकडंच आणलं. त्यांच्याबरोबर त्यांचं मशीन आलं, डबा आला आणि तो वास आला.

भिंतीच्या पोकळीत उंदीर मरून अडकला की येतो तसा वास. त्यात काहीतरी गोडसर, जुन्या गुळासारखं. सकाळी उठलं की अंथरुणाला, जेवायला बसलं की भाताला, आणि केस विंचरताना माझ्या केसांना. त्यांच्या उशीवर रोज एक पिवळा डाग असायचा, कडेला तांबडी रेघ असलेला. तो अभ्रा आई हातानं धुवायची. मी काठीनं दोरीवर टाकायची. बोलताना त्यांच्या ओठाच्या कोपऱ्यातून थेंब सुटायचा आणि तो कुठं पडतो, तिकडंच माझं लक्ष असायचं. पुढं एक दिवस त्यांचा पेला कोनाड्यात गेला. मग ताटली, मग तांब्या. कुणी कुणाला काही सांगितलं नाही. मामांनी एकदा कोनाड्याकडं बघितलं, आणि त्या दिवसापासून पाणी तिथनंच घेऊ लागले.

मरण जवळ आलंय, हे त्यांना ठाऊक होतं. त्यांनी आईकडं दोनच गोष्टी मागितल्या. नवरदेवाचा कोट ते स्वतः शिवतील आणि त्याला ती सात बटणं स्वतःच्या हातानं लावतील, ही एक. आणि मंगलाष्टकांच्या वेळी, अंतरपाटाशी, माझ्यामागं मामा म्हणून तेच उभे राहतील, ही दुसरी. "मग कवाही बोलावणं येऊ दे," ते म्हणाले. आई पदरात रडली आणि म्हणाली, तुझा हक्कच हाय, मागतोस काय असा भिकाऱ्यागत.

मला कुणी विचारलं नव्हतं.

साखरपुड्याला माझ्या होणाऱ्या सासूबाई कराडहून आल्या होत्या. मामा नमस्काराला पुढं झाले तसा त्यांनी पदर नाकाशी नेला. खरं तर मला राग यायला हवा होता. पण मनात आलं, बरं झालं, यांनाही येतो, मी एकटीच नाही.

कोट अप्रतिम झाला होता. निळसर काळ्या कापडाचा, बंद गळ्याचा, खांद्याला एक चुणी नाही. माझे होणारे यजमान, अरविंद, शाळेत चित्रकला शिकवायचे. त्यांना मी दोनदाच पाहिलं होतं. त्यांच्या लांब, स्वच्छ बोटांना साबणाचा वास होता. त्या कोटाकडं बघताना मला एकच दिसायचं. कधीतरी मी त्या छातीवर डोकं ठेवीन आणि माझ्या गालाला बटण लागेल. मामांच्या गालातलं बटण माझ्या गालाला. ओकारीच्या आधी तोंडाला खारट पाणी सुटतं ना, तसं सुटायचं.

त्या दिवशी ओसरीवर बायका जात्यावर हळद दळत होत्या. आई गात होती. ही ओवी तिनं त्याच सकाळी जोडली होती:

नवरदेवाच्या गं, अंगी कोट मखमाली
मामानं भाचीसाठी, चांदणी उतरविली

कोट मखमलीचा नव्हता, पण ओवीत चालतं. बायका हसत होत्या, एकीनं माझ्या सासूचं नाव घालून पुढची ओवी ओढली. आत मामा फडक्यावर सात बटणं मांडून म्हणाले, आता थकलो, उद्या सकाळचं ऊन चांगलं असतं, तेव्हा लावतो. आणि भिंतीकडं तोंड करून झोपले. झोपेत त्यांचं तोंड उघडं पडलं. माशी आली. ओठावर बसली, मग आत गेली. मी ती बाहेर येईपर्यंत बघत राहिले.

मग मी चिमटा आणला.

एकेक बटण चिमट्यानं उचलून पातेल्यात टाकलं. चुलीवर पाणी उकळत होतं, त्यात धुण्याचा सोडा घातला. सोड्याच्या पाण्यात ती पातेल्याच्या बुडाशी टकटक नाचत होती, दात वाजावेत तशी. ती ओतून चिंचेच्या कोळात भिजत घातली, दुपारभर. मग राख घेतली, काथ्या घेतला, आणि देव्हाऱ्यातली तांब्याची भांडी घासतात तशी घासली. भोकांत सुई घालून फिरवली. धुतली. परत घासली. कुठंतरी अजून वास येतोय असं वाटायचं, की पुन्हा चिंच लावायची. आम्हाला लहानपणापासून ठाऊक होतं ते हेच. काहीही कितीही बाटलेलं असो, चिंच आणि राख त्याला देवापुढं ठेवण्याजोगं करते.

आता इतक्या वर्षांनी, अलीकडं, पुण्याहून एक बाई डबा बघायला आल्या होत्या. जुनी बटणं जमवतात. भिंगातून एकेक बटण बघून अगदी हळवं होऊन बोलत होत्या. त्यांनी सांगितलं की शिंपल्याला आंबट चालत नाही, आंबटात तो विरघळतो. मग काचेचं एक बटण उचलून त्यांनी ते खात्रीसाठी दाताला लावलं. मी उठून न्हाणीत गेले. हे त्या दिवशी मला कुणी सांगितलं असतं तर? काही फरक पडला असता असं वाटत नाही. मी दुसरं काही शोधून काढलं असतं.

बटणं फडक्यावर वाळत घातली, तेव्हा आधी मला फार बरं वाटलं. स्वच्छ होती. मग ती सुकली. सुकता सुकता खडूसारखी झाली. ताऱ्यांच्या पाकळ्या झिजून गेल्या होत्या. मी एक उचलून कलतं केलं, अजून कलतं केलं. पहाट नाही, जोंधळ्याचं पान नाही. लहान पोराचे पडलेले, किडके दुधाचे दात कुणी ओळीनं मांडून ठेवावेत, तशी दिसत होती.

मामा दिवस कलताना उठले आणि फडक्याशी येऊन बसले. त्यांची नजर अधू झाली होती. बटण त्यांनी खिडकीशी नेलं, माझ्यासारखंच कलतं केलं. मग तोंडात टाकलं.

मी दारात उभी होते. त्यांच्या चेहऱ्यावर काही दिसलं नाही. फक्त गालाच्या आत फिरणारी जीभ थांबली.

"चिंच," ते म्हणाले.

"धूळ बसली होती, मामा. जरा धुतली."

"सोडा बी हाय."

"हो."

"आन् राख." त्यांनी बटण काढलं. या वेळी बोटानं पुसलं नाही, उपरण्याचा सोगा घेऊन कोरडं केलं आणि ठेवलं. "भांडी घासल्यागत घासलीस."

बाहेर जातं थांबलं होतं, बायका हळदीचे हात झाडत होत्या.

"कोनाड्यातला पेला मला कळला हुता," मामा म्हणाले. "म्हटलं, अक्कानं ठेवला. बहीण हाय, घरात लगीन हाय, ठेवू दे." मग माझ्याकडं न बघता त्यांनी विचारलं, "अक्का न्हवती?"

मी नकाराची मान हलवली. त्यांनी बघितली नसेल, पण मी तोंडानं नाही म्हणायच्या आतच ते उठले होते.

तोंडाभोवती उपरणं गुंडाळून ते बाजारात गेले. चालायला त्रास व्हायचा, तरी गेले. दिवेलागणीच्या आधी परत आले आणि पुठ्ठ्यावर टाचलेली काळी बटणं त्यांनी कोटाच्या घडीवर ठेवली. कारखान्यातली, साधी.

"पुठ्ठ्यावरची हायत. कुणाच्या तोंडाला लागल्याली न्हाईत. तूच लाव."

मी तिथंच बसून लावायला घेतली. मामा माझ्याकडं पाठ करून बसले, भिंतीशी. मध्येच एकदा म्हणाले, दोऱ्याचे चार फेरे झाले की बटणाखाली गळा आवळ, न्हाईतर बटण मान टाकतं. मी गळा आवळला. तुम्हीच लावा, असं म्हणायला दोन शब्द पुरले असते. ते माझ्या तोंडात होतेही. मला त्यांचे हात त्या कोटाला लागायला नको होते, एवढंच खरं.

रात्रीच्या जेवणाला मामांनी आईला सांगितलं की मुलीच्या मागं बबनला उभं कर. बबन त्यांचा चुलतभाऊ. आईच्या हातातली पळी थांबली.

"का? बबन कोण लागतो तिचा?"

"मामाच की. गर्दीत माझा जीव घाबरतो, अक्का."

"दरबारच्या शिंप्याचा नातू गर्दीला भितो? उद्या म्हणशील, सुईला भितो." मामा हसले नाहीत. आई माझ्याकडं वळली. "तू तरी सांग गं त्याला. तुझं ऐकंल."

मामांनी ताटलीतल्या पेजेत बोट फिरवलं. चिंचेचं त्यांनी आईला सांगितलं नव्हतं. आता सांगतील, असं मला वाटलं. त्यांनी सांगितलं नाही.

"त्यांना बरं नाही, आई," मी म्हटलं. "कशाला उगीच त्रास."

मामांनी पेज संपवली. उठून स्वतःची ताटली स्वतः धुतली आणि कोनाड्यात ठेवली.

लग्न दारातल्या मांडवात होतं, दुपारच्या मुहूर्तावर. उन्हाळा. कनात तापून तिला तेलाचा वास सुटला होता. मी सकाळपासून उपाशी. शालूत घाम, कपाळावर मुंडावळ्या, हातात हार. अंतरपाट धरला आणि भटजींनी विचारलं, मुलीचा मामा कुठं आहे? बबनमामा वाजंत्रीवाल्यांशी भांडायला गेले होते ते गेलेच होते. भटजी म्हणाले, घटिका भरत आली, मामा आणा. तेवढ्यात आई मागच्या दारानं आली. आचाऱ्यांच्या पलीकडं, राखेच्या ढिगाशी बसलेल्या मामांना तिनं मनगटाला धरून ओढत आणलं होतं. लहानपणी शाळेत नेत असेल तसं. माझ्यामागं त्यांना उभं केलं आणि म्हणाली, "आता हाल इथनं, मग बघते."

त्यांनी तोंडाभोवती उपरणं घट्ट बांधलं होतं. तोंडात लवंगा होत्या, उपरण्याच्या पदरात कापूर. आधी नुसता कापूरच आला. मग लवंग. मग त्या दोन्हींच्या खालून, दुपारच्या उन्हात तापलेला, तो. माझ्या उजव्या खांद्याला त्यांची दोन बोटं टेकली होती, फक्त दोन, कापडावर खूण करताना टेकतात तेवढीच. तोंड त्यांनी दुसरीकडं वळवलं होतं. मधूनमधून ते श्वास धरून ठेवत होते. मला कळत होतं, कारण मीही धरत होते.

पाचवं मंगलाष्टक. सहावं. माझ्या तोंडात खारट पाणी जमायला लागलं. मी गिळलं. पुन्हा जमलं. मला कोनाडा दिसला, माशी दिसली, चिंचेच्या कोळातली सात बटणं दिसली. सातव्याला डोळ्यांपुढं काळं आलं.

सावधान म्हटलं, अंतरपाट खाली गेला, वाजंत्री एकदम उठली, सगळ्या बाजूंनी अक्षता आल्या, आणि मला उलटी झाली.

म्हणजे होणार होती, शालूवर, हारावर, समोरच्या माणसाच्या कोटावर. मी वाकायच्या आधीच मामांनी मला खांद्याला धरून आपल्याकडं फिरवलं. एका हातानं तोंडावरचं उपरणं ओढून सोडलं आणि दोन्ही तळहातांवर पसरून माझ्या हनुवटीखाली धरलं.

"ओक," ते म्हणाले. "हितं ओक, बाळ. कुणी बघत न्हाई."

मी ओकले. पोटात काही नव्हतं. हिरवं पिवळं पाणी आलं, मग फेस आला. थोडं उपरण्याबाहेर त्यांच्या मनगटावर गेलं, बाहीत गेलं. त्यांनी हात हलवला नाही. मुंडावळ्या तेवढ्या बोटांच्या चिमटीत धरून बाजूला केल्या. माझ्या तोंडापासून वीतभरावर त्यांचं तोंड होतं, उघडं, तो गाल, तो ओठ, आणि ते माझ्याकडं बघत होते. मी त्या तोंडावर काय शोधत होते, ते मला माहीत आहे. ते तिथं नव्हतं. नाकपुडी आक्रसली नव्हती, भुवई चढली नव्हती. मशीनमध्ये गुंतलेला दोरा सोडवताना असायचा, तसा चेहरा होता.

उपरण्याच्या स्वच्छ कडेनं त्यांनी माझे ओठ टिपले, हनुवटी टिपली. शालूवर एक थेंब उडाला होता, तो अंगठ्यानं उचलला. "उपाशी हाय पोर," एवढंच कुणाला तरी सांगितल्यासारखं म्हणाले, आणि मला परत अरविंदच्या बाजूला वळवून उभं केलं. अजून अक्षता पडत होत्या. हे सगळं तेवढ्या वेळात झालं. अरविंदनी हळूच विचारलं, काय झालं, आणि मी म्हटलं, काही नाही.

मामांनी उपरण्याची चारी टोकं एकत्र केली, गाठोडं छातीशी धरलं आणि पाहुण्यांतून मागच्या दाराकडं निघाले. तोंड झाकायला आता त्यांच्याकडं काही उरलं नव्हतं. समोरच्या बायका बाजूला होत होत्या. एकीचा पदर नाकाशी गेला, मग दुसरीचा.

"कशाला आणतात यांना मांडवात," माझ्या सासूबाई शेजारणीला म्हणाल्या, अगदी माझ्याजवळ. "केवढा तो वास."

मामांना ते ऐकू गेलं. त्यांनी गाठोडं अजून जवळ घेतलं, मान खाली घातली आणि पुढं गेले.

तो वास माझा होता.